पाठीवर यंत्र असलेलं गिधाड दिसलं तर घाबरू नका! ते कुठून येतं, यंत्र काय सांगतं आणि आपल्या गोठ्याशी त्याचा काय संबंध?

नाशिक : आकाशात मोठ्या पंखांचा पक्षी घिरट्या घालतोय, खाली उतरल्यावर त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढा काळा डबा आणि पायात क्रमांकाचं कडं दिसतंय, असं दृश्य कोणत्याही शिवारात पाहायला मिळू शकतं. अशा वेळी गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "ड्रोन लावलेला पक्षी", "हेरगिरीचं यंत्र" असे मेसेज फिरायला वेळ लागत नाही. देशात याआधी अभ्यासासाठी टॅग लावलेल्या पक्ष्यांना संशयावरून पकडून ठेवल्याचे प्रकार घडले आहेत. प्रत्यक्षात तो डबा म्हणजे पक्षी कुठे जातो, कुठे बसतो आणि जिवंत आहे की नाही, हे कळवणारं साधन असतं. नामशेष होत चाललेली गिधाडं पुन्हा रानात वाढावीत म्हणून महाराष्ट्रात जी मोहीम चालू आहे, तिचा हा महत्त्वाचा भाग आहे.

विदर्भातल्या जंगलात सोडलेल्या गिधाडांशी त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या माणसाचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण गिधाडाला जिल्ह्याची हद्द नसते. ताडोबा ते नाशिक हे अंतर सरळ रेषेत साधारण ६०० किलोमीटर. चांगलं ऊन आणि वर चढणारी गरम हवा मिळाली तर गिधाड दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा जास्त जाऊ शकतं. म्हणजे हा आठवडाभराचा प्रवास झाला.

ही गिधाडं आली कुठून?

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा, हे गावातली जुनी माणसं आजही सांगतात. एका अंदाजानुसार १९८० च्या दशकात भारतात सुमारे ४ कोटी गिधाडं होती. १९९० नंतर ती झपाट्याने कमी झाली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट पहिल्यांदा नोंदवली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हजारात एखादंच उरलं. लांब चोचीच्या गिधाडांची गतही फार वेगळी नव्हती.

उरलेल्या पक्ष्यांतून वंश टिकावा म्हणून हरियाणातल्या पिंजोर इथे हरियाणा वनविभाग आणि बीएनएचएसने गिधाड प्रजनन केंद्र उभं केलं. त्याला जटायूचं नाव दिलं आहे. हे काम वेळखाऊ आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबायला दोन महिने, पिल्लू उडायला आणखी तीन-चार महिने आणि त्या पिल्लाने स्वतः जोडी जमवायला जवळपास पाच वर्षं. कोंबडीचा किंवा शेळीचा हिशेब इथे लागू पडत नाही. एक प्रौढ गिधाड मेलं की ती जागा भरून यायला अनेक वर्षं जातात.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली. लांब चोचीची १० पेंच व्याघ्र प्रकल्पात आणि पांढऱ्या पाठीची १० ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातल्या बोटेझरी भागात. आणली आणि लगेच सोडली, असं झालं नाही. आधी त्यांना जंगलातच उभारलेल्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवलं. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेल्या पक्ष्याला तिथलं हवामान, आवाज, आजूबाजूचे प्राणी यांची सवय व्हावी, त्याच्या पंखांत बळ यावं, हा उद्देश. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पिंजऱ्याची दारं उघडली. २०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी ३४ गिधाडं पेंच, ताडोबा आणि मेळघाटसाठी आणण्यात आली.

पाठीवरचं यंत्र नेमकं करतं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर तो एक छोटा मोबाइल आहे, फक्त त्याला स्क्रीन नाही. आपला फोन जसा नकाशावर आपली जागा दाखवतो, तसंच हे यंत्र उपग्रहाकडून आपली जागा घेतं आणि ठराविक वेळाने नोंदवून ठेवतं. मग जवळच्या मोबाइल टॉवरवरून ती नोंद अभ्यासकांकडे जाते. वर छोटी सौर पट्टी असल्याने बॅटरी उन्हावर चार्ज होते. पावसाळ्यात आभाळ दाटलं की चार्जिंग कमी पडतं आणि नोंदीही विरळ येतात.

सुरगाणा, पेठसारख्या डोंगराळ भागात रेंज नसली तर? माहिती वाया जात नाही. यंत्र ती साठवून ठेवतं आणि पक्षी रेंजमध्ये आला की एकदम पाठवतं. त्यामुळे चार दिवस नकाशावर गप्प असलेलं गिधाड पाचव्या दिवशी अचानक दोनशे किलोमीटर पलीकडे उगवतं, असंही होतं.

वजनाची काळजी घेतलेली असते. यंत्र आणि पट्टे मिळून पक्ष्याच्या वजनाच्या साधारण ३ टक्क्यांच्या आत असावेत, असा जगभर पाळला जाणारा दंडक आहे. पाच किलोच्या गिधाडाला दीडशे ग्रॅम ही वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षात यंत्रं त्याहून बरीच हलकी वापरतात. पट्टे मऊ आणि पंखाला न घासणारे असतात. म्हणून "बिचाऱ्याच्या पाठीवर काहीतरी अडकलंय" असं समजून कोणी ते कापून काढायला जाऊ नये.

जागेबरोबर उंची, वेग, तापमान आणि हालचाल यांच्याही नोंदी काही यंत्रं घेतात. त्यावरून बरंच काही कळतं. रात्री एकाच ठिकाणी आठ-दहा तास ठिपका थांबला तर पक्षी झाडावर किंवा कड्यावर झोपलाय. सकाळी दहाच्या सुमारास, जमीन तापली की उंची वाढू लागते. दुपारी ठिपका एकाच शेतात दोन-तीन तास रेंगाळला तर बहुधा खाली मेलेलं जनावर आहे. पण भर दुपारी ठिपका जागचा हलत नाही आणि हालचालीची नोंद शून्यावर गेली, तर मात्र अभ्यासक गाडी काढतात. पक्षी जखमी, भुकेने गळालेला किंवा मेलेला असण्याची शक्यता असते.

अशा वेळी घाई करण्यामागे कारण आहे. मेलेलं गिधाड ताजं असतानाच त्याचं शवविच्छेदन केलं तर मृत्यूचं कारण सापडतं. दोन दिवस उन्हात पडलं किंवा कुत्र्यांनी फाडलं, की पुरावा गेला. उपग्रह जागा दाखवतो, पण तिथे पोचायला विदर्भातल्या किंवा मुंबईच्या पथकाला दिवस जातो. बांधावरच्या शेतकऱ्याने तासाभरात केलेला फोन इथे कामी येतो.

नकाशावरच्या ठिपक्यांनी काय दाखवलं?

पहिली गोष्ट म्हणजे सोडलेली गिधाडं सोडल्या जागी बसून राहिली नाहीत. ताडोबातून सोडलेलं 'एन-११' नावाचं पांढऱ्या पाठीचं गिधाड सुमारे ४,००० किलोमीटर भटकत, एकामागून एक राज्यं ओलांडत थेट तामिळनाडूत पोचलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याने कोणी वाट न दाखवता केलेला हा प्रवास आहे. तरुण गिधाडं अशी भटकतातच. जोडी आणि घरट्याची जागा ठरली की ती स्थिरावतात.

दुसरी गोष्ट कमी आनंदाची. सोडलेली सगळी गिधाडं टिकली नाहीत, काही मेली. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत सुरुवातीला असं नुकसान होतं, हे जगभर दिसलं आहे. भूक आणि विजेच्या तारा हे त्यातले मोठे धोके. गिधाडाचे पंख पसरले की दोन मीटरच्या पुढे जातात. खांबावर बसताना किंवा उडताना दोन तारांना एकदम पंख लागला की संपलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डोर हे तिथलं मोठं गिधाड १९८७ मध्ये फक्त २७ उरलं होतं, तीही सगळी पिंजऱ्यात. १९९२ पासून त्यांना रानात सोडायला सुरुवात झाली, तेव्हा तारांवर पक्षी मरू लागले. मग तिथे सोडण्याआधीच पिंजऱ्यात खोटा विजेचा खांब उभा करून, त्यावर बसल्यास हलका झटका देऊन पक्ष्यांना खांबापासून लांब राहायला शिकवलं गेलं. आपल्याकडे शेतातून जाणाऱ्या तारांचं जाळं दाट आहे, त्यामुळे जिथे गिधाडं नेहमी बसतात तिथल्या तारांना आवरण घालण्याचा उपाय जास्त व्यवहार्य ठरतो.

पण जंगल कितीही राखलं, तारा कितीही झाकल्या, तरी ज्या कारणाने कोट्यवधी गिधाडं मेली ते कारण जंगलात नव्हतंच.

खरा प्रश्न गोठ्यातल्या इंजेक्शनचा

गिधाडं रोगाने मरताहेत असं आधी वाटत होतं. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कारण समोर आलं : डायक्लोफेनॅक. जनावर लंगडतंय, कास सुजली, ताप आहे, म्हणून दिलं जाणारं साधं वेदनाशामक. जनावराला त्याने आराम पडतो. पण औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर मांसातलं औषध गिधाडाचं मूत्रपिंड निकामी करतं. रक्तातलं युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि काळजावर, मूत्रपिंडावर खडूसारखा पांढरा थर जमतो. मान खाली टाकून बसलेलं गिधाड काही दिवसांत मरतं.

त्याच काळातल्या एका गणिताने सगळ्यांना हादरवलं. एवढी गिधाडं मरायला मेलेल्या जनावरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असणं पुरेसं होतं. कारण एका ढोरावर एकाच वेळी पन्नास-शंभर गिधाडं बसतात. तालुक्यातल्या नव्व्याण्णव गोठ्यांत काळजी घेतली आणि शंभराव्यात नाही, तरी नुकसान होतं ते असं.

भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. मग पळवाट निघाली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीपुरती मर्यादित केली गेली, म्हणजे बैलाला पुरेल एवढं औषध द्यायला कुप्यांवर कुप्या फोडाव्या लागाव्यात. त्यानंतर केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये जनावरांच्या वापरासाठी बंदी आली. ॲसेक्लोफेनॅकचं वैशिष्ट्य असं की ते गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं, नाव फक्त वेगळं. २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडचाही या यादीत समावेश झाला.

शेतकऱ्याने मग जनावराला तडफडत ठेवायचं का? अजिबात नाही. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधं गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरली आहेत आणि जनावरालाही लागू पडतात. कोणतं, किती आणि कधी द्यायचं ते पशुवैद्यकाने ठरवायचं. दुकानातून "मागच्या वेळचं ते इंजेक्शन द्या" म्हणून आणणं हेच टाळायला हवं. कुपीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचलं की कळतं. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावरही विचारता येतं. ही औषधं माणसांच्या दवाखान्यात कायदेशीर आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावं. आजोबांच्या गुडघ्याची गोळी त्यामुळे बंद करायची नाही.

गिधाडं गेल्याची किंमत माणसानेही मोजली. मेलेली जनावरं तशीच पडून राहू लागली, मोकाट कुत्री वाढली, पाणवठे बिघडले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले. हा अंदाज आहे, पण ज्या गावाने पिसाळलेल्या कुत्र्याचा धुमाकूळ पाहिलाय त्याला तो अगदीच अशक्य वाटणार नाही.

नाशिक जिल्ह्यात गिधाडं कुठे आहेत?

जटायूची कथा आपल्याच जिल्ह्यातली मानली जाते. रावणाशी झुंजताना घायाळ झालेला जटायू इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेद इथे पडला, अशी श्रद्धा आहे. तिथून दूर नसलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. त्यांना उंच, माणसाचा हात न पोचणारा कातळ लागतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं मात्र उंच झाडावर घरटं बांधतात, त्यामुळे गावाजवळची जुनी आंब्या-अर्जुनाची झाडं तुटली की त्यांचा निवारा जातो.

अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. या डोंगरावर रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला निसर्गप्रेमींनी विरोध केला, त्यात गिधाडांची घरटी हे एक मुख्य कारण होतं. हरसूल भागात खोरीपाडा इथे वनविभागाने 'गिधाड उपाहारगृह' चालवलं. नाव ऐकून हसू येतं, पण कल्पना साधी आहे : आसपासच्या पाड्यांवर मेलेलं, औषधाचा अंश नसलेलं जनावर ठरलेल्या उघड्या जागी ठेवायचं, म्हणजे गिधाडांना खात्रीचं अन्न मिळतं. रायगड आणि गडचिरोली जिल्ह्यांतही अशीच कामं स्थानिकांच्या मदतीने झाली आहेत.

गिधाडांच्या वस्तीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा भाग घातक औषधांपासून मुक्त ठेवायचा, अशी 'गिधाड सुरक्षित क्षेत्रा'ची कल्पना आहे. अंजनेरी मध्यभागी धरून असं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ ३० हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातं. त्यात नाशिक जिल्ह्याचा बहुतेक भाग येतो, शिवाय पालघर, ठाणे, अहिल्यानगरचा तुकडा आणि गुजरातचे डांग-वलसाडही. म्हणजे सिन्नरच्या गोठ्यातलं इंजेक्शन आणि धरमपूरच्या मेडिकलमधली कुपी, दोन्ही एकाच गिधाडाच्या वाट्याला येऊ शकतात.

शिवारात असं गिधाड दिसलं तर

धडधाकट असेल, खात असेल किंवा झाडावर बसलं असेल तर लांबूनच पाहा. पायातल्या कड्यावरचा किंवा पंखावरच्या पट्टीवरचा क्रमांक मोबाइलच्या झूमने टिपता आला तर उत्तम, जवळ जाऊन नको. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला जागा कळवा. ग्रुपवर लोकेशन टाकण्याचा मोह टाळा, कारण बघ्यांची गर्दी झाली की पक्षी उपाशीपोटी उडून जातो.

खाली बसलेलं, उडता न येणारं किंवा जखमी असेल तर कुत्री हाकला, लोकांना मागे ठेवा आणि फोन करून थांबा. पाणी-दूध पाजू नका. गिधाडाच्या पायांत घारीसारखी पकड नसते, ते शेळीचं करडू किंवा लहान मूल उचलून नेऊ शकत नाही. चोच मात्र धारदार असते आणि घाबरलं की ते पोटातलं ओकून टाकतं. मेलेलं आढळल्यास हलवू नका, पुरू नका आणि आठवण म्हणून यंत्र घरी नेऊ नका. गिधाडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना इजा करणं हा गंभीर गुन्हा आहे.

आपल्या गोठ्यातलं जनावर दगावलं आणि आधीच्या आठवड्यात त्याला कोणतं वेदनाशामक दिलं हे नक्की माहीत नसेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं. बिबट्या किंवा मोकाट कुत्री मारण्यासाठी मढ्याला विष लावणं तर कधीच नको. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडे बिबट्याचा त्रास किती आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण विषारी मढ्यावर बिबट्याच्या आधी गिधाडांचा थवा उतरू शकतो.

लांब चोचीच्या गिधाडांचा घरट्याचा हंगाम हिवाळ्याच्या सुरुवातीला सुरू होतो आणि उन्हाळ्यात पिल्लं उडेपर्यंत चालतो. या काळात अंजनेरीच्या कड्याखाली फटाके, मोठे स्पीकर आणि घरट्यांपर्यंत उडवलेले ड्रोन यांनी बिथरलेले आई-बाप घरटं सोडून उठतात आणि उघडं पडलेलं अंडं किंवा पिल्लू उन्हाने, थंडीने मरू शकतं. वर्षाचं ते एकच असतं.